केसभर फट

मिस्त्री : दुपारी दोन ते तीन शस्त्रागार बंद असतं, ताई. बाहेर पाटी आहे.

ताई : पाटी वाचूनच आत आले. बंद असतं तेव्हा तुम्ही एकटे असता, असं बारक्या सांगायचा.

मिस्त्री : बारक्या? म्हणजे तुम्ही त्याच्या...

ताई : थोरली बहीण. आई गेल्यावर मीच वाढवला त्याला. इथे बसू का, की यातही काही ठेवलंय?

मिस्त्री : बसा. ते खोकं रिकामं आहे. पाणी देऊ?

ताई : नको. मिस्त्री, तीस वर्षं झाली, इथल्या पोलिसांची सगळी पिस्तुलं तुमच्या हाताखालून जातात. मला एकच सांगा. चाप ओढला आणि पिस्तूल चाललंच नाही, असं होतं का?

मिस्त्री : यंत्र आहे. होऊ शकतं.

ताई : मग बारक्याच्या वेळी तसं झालं नाही, असं कसं लिहून दिलंत?

मिस्त्री : तसं नाही लिहिलं मी. शस्त्र सुस्थितीत आहे, एवढंच लिहिलं. माझ्याकडे तपासायला आलं, मी पन्नास गोळ्या झाडून पाहिल्या, पन्नासच्या पन्नास सुटल्या. जे दिसलं ते लिहिलं.

ताई : त्या एका ओळीचा सगळ्यांनी एकच अर्थ घेतला. पिस्तूल चांगलं होतं, म्हणजे माणूस भेदरला. एक गोळी झाडली, जोडीदाराला खाणीत तसाच सोडला आणि भिंतीमागे जाऊन बसला. आता मी पाण्याला गेले की नळावरच्या बायकांचं बोलणं थांबतं. मी हंडा भरेपर्यंत सगळ्या गप्प.

मिस्त्री : चौकशी अजून संपलेली नाही, ताई.

ताई : सोमवारी संपतेय. साहेबांनी निरोप पाठवलाय, तुझा तूच राजीनामा दे, म्हणजे कागदावर भित्रा म्हणून लागायचं नाही. केवढी दया.

मिस्त्री : बारक्या काय म्हणतो?

ताई : त्या दिवशी घरी आला तेव्हा म्हणाला, ताई, चाप ओढला, काही झालंच नाही. तेवढंच. अठरा दिवस झाले त्याला. ताट पुढे ठेवलं तर जेवतो, नाही ठेवलं तर मागत नाही. घरातला पंखा उतरवून ठेवलाय मी.

मिस्त्री : बिघडला?

ताई : चांगला चालत होता.

मिस्त्री : मग या उकाड्यात कशाला?

ताई : बारक्या आडवा पडून त्याच्याकडे बघत बसायचा. पंखा चालू असताना नाही, बंद असताना.

मिस्त्री : अरे देवा.

ताई : शेजाऱ्याला शिडी धरायला बोलावला. म्हटलं, दुरुस्तीला द्यायचाय. बरं, ते राहू दे. मी रडगाणं गायला आलेले नाही. रुग्णालयाच्या धोबीघरात मला बावीस वर्षं झाली. कपडा भिजवायच्या आधी खिसे उलटे करायचे, ही हाताला लागलेली सवय. त्याचा त्या दिवशीचा गणवेश मी घरीच धुवायला घेतला. खिशांतून हे निघालं. उघडा पुडी.

मिस्त्री : दगडाची भुकटी.

ताई : पिठाहून बारीक. खिशांत, शिवणींत, कॉलरच्या आतल्या घडीत. तीन पाणी काढली तरी निघेना. खाणीकडे जाताना पुढे खडीचे ट्रक होते आणि मागे यांची उघडी जीप, पाऊण तास. मला पिस्तुलातलं ओ की ठो कळत नाही. पण जी पूड शिवणीत शिरते ती लोखंडाच्या फटीत शिरत नसेल का, एवढंच विचारायला आले.

मिस्त्री : शिरते.

ताई : मग तुम्हाला कशी नाही दिसली ती?

मिस्त्री : ताई, तुम्ही हे सगळं सोमवारी तिथे येऊन...

ताई : तिथे मला कोण विचारतंय. मी इथे तुम्हाला विचारतेय. दिसली नाही?

मिस्त्री : दिसली.

ताई : असं.

मिस्त्री : तपासायच्या आधी मी पुसलं ते. हातात पिस्तूल आलं की उघडायचं, पुसायचं, तेल द्यायचं. तुमचे खिसे तसं माझं हे. पहिला बोळा फिरवला तो सवयीने. पांढरा होऊन निघाला. दुसरा फिरवला तेव्हा मला कळलं होतं मी काय पुसतोय.

ताई : आणि तरी पुसलंत.

मिस्त्री : तरी पुसलं. मग चकचकीत करून, तेल देऊन पन्नास गोळ्या झाडल्या. सुटणारच होत्या. बोळे शेगडीत टाकले.

ताई : का पण? त्याने काय घोडं मारलं होतं तुमचं?

मिस्त्री : त्याने काही नाही. धूळ दाखवली असती तर पुढचा प्रश्न आलाच असता. धूळ सगळ्यांच्या पिस्तुलांत जाते. त्याच जीपमध्ये त्याचे जोडीदार आबा होते, तीच पूड त्यांच्या अंगावर उडाली. आबा गेले, पण त्यांचं पिस्तूल शेवटपर्यंत चाललं. मग हेच का अडकलं?

ताई : का अडकलं?

मिस्त्री : कारण ते मी घट्ट केलं होतं.

ताई : मला समजेल असं सांगा.

मिस्त्री : हे धरा. रिकामं आहे, घाबरू नका. कानाजवळ नेऊन हलवा.

ताई : खुळखुळतंय.

मिस्त्री : कारखान्यातून असंच येतं. ही वरची स्लाइड. गोळी सुटली की ही झटक्याने मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि पुढे येताना नवी गोळी नळीत ढकलते. खालच्या खाचांत ती थोडी सैल ठेवलेली असते, मुद्दाम. धूळ, काजळी, वाळलेलं तेल, सगळ्याला सरकायला जागा लागते. पण आपल्या लोकांना वाटतं, वाजतं ते भिकार. मडकं घेताना टिचकी मारतात तसं जो तो पिस्तूल कानाशी हलवून बघतो. आबांच्याला तर नावच पडलं होतं, खुळखुळा.

ताई : आणि बारक्याचं?

मिस्त्री : हे. तपासणी झाली म्हणून परत माझ्याच ताब्यात आलंय. हलवा.

ताई : आवाजच नाही.

मिस्त्री : नाही यायचा. दीड महिना बसलो होतो त्याच्यावर. खाचा ठोकून आवळल्या, मग पेस्ट लावून स्लाइड घासत घासत बसवली. नळीचं तोंडही तसंच. पंचवीस मीटरवरून पाच गोळ्या मारल्या तर पाचही भोकं बाटलीच्या एका झाकणाखाली झाकली जातील. नेमबाजीच्या स्पर्धेची ढाल त्यावरच आली. साहेबांच्या खोलीत लावलीय.

ताई : ढाल आणली तेव्हा पेढे... नाही, पेढे नव्हते, मी शिरा केला होता. बारक्यानेच सांगितलं होतं ना घट्ट करायला?

मिस्त्री : त्याला हवं होतं. साहेबांना ढाल हवी होती, त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं. पण करायचं की नाही हे माझ्या हातात होतं, आणि मला करायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्याने केलेलं दुरुस्त करत आलो. वाटलं, जाण्याआधी आपल्या हातचं एक तरी असावं. खरं तर नेमाला नळी दर खेपेला त्याच जागी येऊन बसली की पुष्कळ झालं. खाचांत ढील ठेवली असती तरी काही बिघडलं नसतं. मला हे ठाऊक होतं. पण हलवल्यावर वाजता कामा नये, हा माझा हट्ट.

ताई : मग खेळापुरतं ठेवायचं. कामावर कशाला दिलंत?

मिस्त्री : वेगळ्या कपाटातच होतं. त्या सकाळी खबर आली की फरारी खाणीत लपलाय, एकच धावपळ. बारक्याचं रोजचं पिस्तूल स्प्रिंग बदलायला इथे उघडं पडलेलं. तो म्हणाला, काका, माझं ते द्या. मी दिलं. वर तेलाचा हात फिरवून दिलं.

ताई : तेल दिलंत?

मिस्त्री : हो.

ताई : तेलकट कपड्यावर ही पूड बसली की तिचा लगदा होतो. ब्रशनेसुद्धा निघत नाही.

मिस्त्री : द्या ती पुडी. चिमूटभर टाकतो इथे, खाचेत. ही खोटी गोळी, आत दारू नाही. आता स्लाइड ओढतो आणि सोडतो. गेली पुढे. परत एकदा. हे बघा.

ताई : थांबली.

मिस्त्री : कुठे थांबली ते बघा. इथे, मागच्या बाजूला. माझा चष्मा घ्या हवा तर.

ताई : केस जाईल एवढी फट आहे.

मिस्त्री : तेवढी पुरते. स्लाइड पूर्ण मिटली नाही की चाप कितीही ओढा, काही होत नाही. रचनाच तशी असते, अर्धवट मिटलेल्या पिस्तुलातून गोळी सुटली तर हातातच फुटेल म्हणून. ओढा तुम्ही. ओढून बघा.

ताई : काहीच होत नाही.

मिस्त्री : तो खरं सांगत होता.

ताई : आता यात टाका. या वाजणाऱ्यात.

मिस्त्री : टाकतो. ही ओढली. परत. परत. चौथ्यांदा. कुरकुरतंय, पण मिटतंय.

ताई : सोमवारी हे त्यांच्यासमोर कराल?

मिस्त्री : निवृत्तीला चौदा महिने राहिलेत माझ्या. नोकरी जाईल, पुरावा पुसला म्हणून खटला होईल. आबा माझ्यामुळे गेले असंही म्हणतील, आणि ते चुकीचं नसेल. बायकोला मी अजून यातलं अक्षर बोललेलो नाही.

ताई : काय काय होईल ते मी विचारलं नाही, मिस्त्री. कराल का?

मिस्त्री : ही पूड थोडी इथे ठेवून जा.

(आठ-दहा दिवसांनी, सकाळी. ताईच्या घरी.)

ताई : या, मिस्त्री. बारक्या, कोण आलंय बघ. तुम्ही त्या खुर्चीवर बसा, हिचा पाय हलतो. मी चहा टाकते. बोला तुम्ही. ऐकतो तो सगळं, उत्तर देईलच असं नाही.

मिस्त्री : बारक्या, निकाल लागला. कागद उद्यापर्यंत घरी येईल. तुझ्यावर काही ठेवलेलं नाही. शस्त्र सदोष होतं आणि ते तसं असल्याचं शस्त्र-मिस्त्रीने दडवलं, असं लिहिलंय. तू पहिल्या तारखेपासून हजर व्हायचं.

ताई : ऐकलंस का रे?

मिस्त्री : तीनदा करून दाखवलं त्यांना. तिन्ही वेळा अडकलं. एक अधिकारी म्हणाले, मी ओढून बघतो. त्यांच्याही हातात अडकलं. साहेब म्हणाले, पिस्तुलात असले उद्योग चाललेत याची मला कल्पनाच नव्हती. ढाल त्यांच्या डोक्यामागेच होती. तिकडे कुणी बघितलं नाही.

ताई : आणि तुमचं?

मिस्त्री : काढलं. किल्ल्या काल दिल्या. खटल्याचं कळेल. ते माझं मी बघेन. बारक्या, माफी मागायला माझ्याकडे तोंड नाही. पण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आलो.

बारक्या : काका, तुम्ही खोटं बोललात.

मिस्त्री : हो. तेच कबूल करून आलो.

बारक्या : कबूल करताना पण खोटंच बोललात. वाजू नये हा माझा हट्ट, असं सांगितलंत ना? ताईने सांगितलं मला. तुम्ही पहिल्यांदा ढील ठेवूनच दिलं होतंत. मी हलवलं, किंचित टकटक आली, मी तसाच माघारी आलो. अजून आवळा म्हटलं.

ताई : मिस्त्री, मला तर तुम्ही...

मिस्त्री : अजून आवळा म्हणणारे रोज येतात, ताई. त्यांना नाही म्हणायचा पगार मला होता. मी नाही म्हटलं नाही. मलाही ऐकायचं होतं, आवाज न येणं कसं असतं ते.

बारक्या : त्या दिवशी जीपमध्ये आबा म्हणाले, हे नवरदेवासारखं नटवलेलं कशाला आणलंस कामावर. मी त्यांचा खुळखुळा ओढून घेतला, कानाशी हलवला. म्हटलं, आबा, हे जपून ठेवा, नातवंडं झोपवायला होईल. ते हसले. धुळीने भुवया पांढऱ्या झाल्या होत्या त्यांच्या. मी म्हटलं, नातवंडांआधीच आजोबा झालात.

ताई : नसेल सांगायचं तर नको सांगू, बाळा.

बारक्या : सांगतो. दोघं होते, तो फरारी आणि त्याचा भाऊ. खडी चाळायच्या यंत्रामागून आले. पहिली गोळी मी झाडली, ती गेली पत्र्यावर. दुसऱ्यांदा चाप ओढला तर नुसताच. हाताने स्लाइड ओढली, मागे आली, पुढे पूर्ण जाईना. तळहाताने ठोकली. तुम्ही शिकवलं होतं ते सगळं केलं, काका, एकेक. मग हातच ऐकेनात.

मिस्त्री : तुझं काही चुकलं नाही. ती ठोकूनही बसली नसती.

बारक्या : आबा ओरडले, भिंतीमागे जा. जा म्हणतो ना. मी गेलो. मी पळत होतो आणि मागे ते झाडत होते. मी मोजत होतो. आठ. आठही सुटल्या.

मिस्त्री : आठही.

बारक्या : एकही अडकली नाही. नवं मॅगझिन घालताना लागलं त्यांना. मग हाक मारली मला. दोनदा. भिंतीपासून दहा पावलं असतील, जास्त नाही. पिस्तूल अडकलं हे खरं. मी बाहेर आलो नाही, हेही खरं. पहिलं तुम्ही कागदावर आणलंत. दुसरं कुणी विचारलंच नाही.

ताई : रिकाम्या हाताने काय करणार होतास तू?

बारक्या : हात धरला असता त्यांचा.

ताई : म्हणजे दोघंही गेला असतात.

बारक्या : असू शकेल.

ताई : असू शकेल काय म्हणतोस? मी त्या दिवशी धोबीघरात होते. आबांचे कपडे माझ्याच टेबलावर आले. वर बिल्ला नव्हता, नुसती खाकी. दोन मिनिटं मला कळत नव्हतं कुणाचे आहेत ते. दोन मिनिटं मी शर्टाची मापं बघत होते, बारक्या. तू आलास ना परत, त्याची मला लाज वाटत नाही. तूही वाटून घेऊ नकोस.

मिस्त्री : चौकशीत का नाही बोललास हे? आबांनीच तुला पाठवलं, तू भिंतीपर्यंत पोहोचावास म्हणून त्यांनी आठ गोळ्या झाडल्या. एवढं सांगितलं असतंस तरी...

बारक्या : माझ्या बाजूने साक्ष द्यायला एकच माणूस होता, तो गेला. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचं वाक्य घालतोय, असंच म्हणाले असते सगळे. मलाच कधी कधी वाटतं, खरंच ओरडले का ते? की मी मागाहून रचलं?

मिस्त्री : जागेवर आबांच्या पिस्तुलाच्या आठ पुंगळ्या सापडल्या. सगळ्या भिंतीकडे जायच्या वाटेच्या तोंडाशी. पंचनाम्यात आहे, मी वाचलंय. स्वतःला वाचवायला माणूस तिथे उभा राहत नाही. आडोसा दुसऱ्या बाजूला होता.

बारक्या : तिथे उभे होते?

मिस्त्री : तिथेच.

ताई : चहा घ्या. तूही घे रे. साय आली तर काढून टाका.

मिस्त्री : वहिनींना ठाऊक आहे का हे? आबांच्या घरी?

बारक्या : त्यांना वाटतं मी टाकून आलो.

ताई : मी दोनदा जाऊन आले. आत भांड्यांचा आवाज येत होता. दार नाही उघडलं.

मिस्त्री : मी इथून तिकडेच निघालोय. ते पिस्तूल कुणी घट्ट केलं आणि कुणी पुसलं, हे त्यांना माझ्या तोंडून कळलं पाहिजे, कागदावरून नको. त्या काय करायचं ते करोत. पण हे दुसरं, आबांनी ओरडून पाठवलं ते, मी कसं सांगू? मी नव्हतो तिथे.

ताई : बारक्या, चहा तसाच ठेवून कुठे उठलास?

बारक्या : दाढी करतो. दहा मिनिटं थांबा, काका. असा गेलो तर ओळखायच्या नाहीत.

मिस्त्री : आपल्यालाही दार उघडलं नाही तर?

बारक्या : मग बाहेर उभं राहून सांगू. आत त्या एकट्याच असतात, ऐकू जाईल.